दंतचिकित्सालय, धर्मादाय बाल

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांच्या दातांची तपासणी, उपचार व निगा मोफत किंवा नाममात्र शुल्कात करणारी आणि नफ्याचे वाटप न करणारी संस्था. अशा संस्थेत आलेली शिल्लक रक्कम संस्थापकांना अगर विश्वस्तांना न मिळता संस्थेच्याच कार्यासाठी वापरली जाते. सर्वसाधारण दंतचिकित्सालयापेक्षा ती तीन बाबतींत वेगळी असते : तिचा रुग्ण हा वाढीच्या वयातील असतो, उपचारांचा निर्णय त्याच्या वतीने पालक घेतात आणि उपचारांचा खर्च मुख्यतः तिसराच कोणीतरी (दाता, नगरपालिका, शासन किंवा विमा योजना) देतो. या तिन्ही घटकांचा मेळ घालणे हेच अशा चिकित्सालयाच्या व्यवस्थापनाचे मुख्य काम होय.

गरज : मुलांना दुधाचे वीस दात असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते व बारा-तेरा वर्षांपर्यंत बहुतेक दुधाचे दात पडून त्यांची जागा कायमचे दात घेतात. दुधाचे दात पडणारच असल्याने त्यांच्यावर खर्च कशाला करावा, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्या अकाली गेल्यास शेजारचे दात सरकतात व नंतरचे दात वेडेवाकडे येतात. पहिली कायमची दाढ कोणताही दुधाचा दात न पडता मागच्या बाजूस येते, त्यामुळे पालक तिलाही दुधाची दाढ समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. आयुष्यभर पुरावयाचा हा दात दहाव्या वर्षाच्या आतच गमावलेली अनेक मुले आढळतात.

दंतक्षयाचे (दात किडण्याचे) मूळ साखर, दातांवर साचणाऱ्या थरातील सूक्ष्मजंतू आणि काळ यांच्या संयोगात आहे. सूक्ष्मजंतू साखरेपासून अम्ल तयार करतात व त्या अम्लाने दाताच्या बाह्य कठीण आवरणातील (एनॅमलमधील) खनिजे विरघळतात. आरंभी ही प्रक्रिया परत फिरविता येते. मात्र खड्डा पडल्यावर दात आपोआप भरून येत नाही. कीड आतील मऊ भागापर्यंत गेली की तीव्र वेदना सुरू होतात, पू होतो, झोप मोडते, चावून खाता येत नाही आणि शाळा बुडते. क्वचित हा जंतुसंसर्ग प्राणघातकही ठरतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा दाढेतील जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचल्याने मरण पावला. दाढ वेळेवर काढण्यास सु. ८० डॉलर पुरले असते. मेंदूवरील शस्त्रक्रिया व रुग्णालयातील वास्तव्य यांचा खर्च सु. अडीच लाख डॉलर झाला. कुटुंब गरीब होते आणि शासकीय योजनेतील रुग्ण स्वीकारणारा दंतवैद्य मिळणे दुरापास्त होते. या घटनेनंतर त्या राज्यात मुलांच्या दंतसेवेच्या व्यवस्थेत महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सु. ५१·४ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांत कीड आढळते. भारतात २००२–०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या ५१·९% व बारा वर्षे वयाच्या ५३·८% मुलांत दंतक्षय आढळला होता. रोगाचे प्रमाण एवढे मोठे असल्याने केवळ दुखणारा दात काढून देणारा दवाखाना कितीही दक्ष असला, तरी तो या प्रश्नाला पुरा पडू शकत नाही. धर्मादाय बाल दंतचिकित्सालयांचा इतिहास हा एका अर्थी या जाणिवेचा इतिहास आहे.

इतिहास : शाळकरी मुलांच्या दातांकडे सक्तीने लक्ष पुरविले जावे, ही मागणी स्कॉटलंडमधील दंतवैद्य विल्यम फिशर यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश दंतवैद्यांच्या संघटनेपुढे मांडली. १९०२ मध्ये एर्न्स्ट येसन यांच्या पुढाकाराने स्ट्रास्बर्ग (त्या वेळी जर्मनीत) येथे शालेय दंतचिकित्सालय सुरू झाले. इंग्लंडमध्ये १९०७ साली केंब्रिज येथे जॉर्ज कनिंगहॅम यांच्या प्रयत्नाने अशाच प्रकारचे चिकित्सालय निघाले. त्याचा आरंभीचा खर्च खाजगी देणगीतून भागविण्यात आला व पुढे नगराने ते स्वीकारले. एका व्यक्तीच्या देणगीने आरंभ, काही वर्षांच्या कामाने उपयुक्ततेची खात्री आणि त्यानंतर सार्वजनिक निधीचा आधार, हा क्रम पुढे अनेक ठिकाणी दिसून येतो.

अमेरिकेत बॉस्टन येथील टॉमस व जॉन हॅमिल्टन फोर्सिथ या उद्योजक बंधूंनी आपल्या दिवंगत भावांच्या स्मरणार्थ मुलांसाठी दंतरुग्णालय स्थापन केले. संस्थेची नोंदणी १९१० मध्ये झाली व नोव्हेंबर १९१४ मध्ये तिची भव्य वास्तू खुली झाली. एकाच प्रशस्त दालनात रांगेने मांडलेल्या डझनावारी खुर्च्या हे या वास्तूचे वैशिष्ट्य होते. या रचनेमुळे थोड्या अनुभवी दंतवैद्यांना अनेक नवशिक्या दंतवैद्यांच्या कामावर देखरेख ठेवता येई. मुलांसाठी गोष्टींतील चित्रांच्या रंगीत फरशा बसविल्या होत्या.

याच सुमारास कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे ॲल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यांनी वेगळ्या दिशेने पाऊल टाकले. त्यांनी १९१३ मध्ये आपल्या घराच्या मोटारखान्यात वर्ग भरवून स्त्रियांना दात स्वच्छ करण्याचे व मुलांना दंतस्वच्छता शिकविण्याचे प्रशिक्षण दिले. या दंतस्वास्थ्य-सेविका १९१४ पासून तेथील शाळांत काम करू लागल्या. दंतवैद्याचे प्रत्येक काम दंतवैद्यानेच केले पाहिजे असे नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

छायाचित्रणाच्या व्यवसायात अपार संपत्ती मिळविलेले जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांनी बॉस्टनच्या संस्थेचा आदर्श समोर ठेवून न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे दंतचिकित्सालय स्थापन केले. त्याची नोंदणी १९१५ मध्ये झाली व इमारत १९१७ मध्ये खुली झाली. संचालकपदी हार्व्ही बर्कहार्ट यांची नेमणूक झाली. इमारत व कायम निधी ईस्टमन यांनी दिला, पण चालू खर्चाचा काही भाग स्थानिक नागरिकांनी व नगरपालिकेने उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णाकडून दर भेटीस पाच सेंट घेतले जात. तेथेही दंतस्वास्थ्य-सेविकांचे विद्यालय जोडलेले होते. त्या शाळाशाळांतून मुलांचे दात स्वच्छ करीत व ज्यांना उपचार हवेत त्यांना चिकित्सालयात पाठवीत. ईस्टमन यांनी पुढे लंडन (१९३१), रोम (१९३३), ब्रूसेल्स (१९३५), स्टॉकहोम (१९३६) व पॅरिस (१९३७) येथील अशाच संस्थांना देणग्या दिल्या. त्यांपैकी बहुतेक संस्था त्यांच्या मृत्यूनंतर खुल्या झाल्या. इमारत व साधनसामग्री देणगीतून आणि चालविण्याची जबाबदारी नगराची, अशी त्यांमागील योजना होती.

न्यूझीलंडमध्ये टॉमस हंटर यांच्या योजनेनुसार शासनाने १९२१ मध्ये शालेय दंतपरिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले. दोन वर्षांच्या शिक्षणानंतर या स्त्रिया शाळेच्या आवारातील छोट्या दवाखान्यात मुलांचे दात भरीत व काढीत. ही सेवा धर्मादाय नसून शासकीय होती, तथापि धर्मादाय संस्थांवर तिचा मोठा प्रभाव पडला. प्रत्येक मुलाला ठराविक काळाने बोलावणे हे तिचे बलस्थान होते. तिची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. पायाने चालणारी छिद्रण यंत्रे व भूल देण्यातील हयगय यांमुळे कित्येक मुलांच्या मनात दवाखान्याची दहशत बसली आणि शाळकरी बोलीत त्याला ‘खाटीकखाना’ या अर्थाचे नाव पडले. उपचार मिळाले, तरी त्यांबरोबर आयुष्यभराची भीतीही मिळू शकते, हा त्यातील धडा होय.

बॉस्टनच्या संस्थेत १९७० नंतरच्या काही वर्षांत दंतस्वास्थ्य-सेविकांना दात भरण्याचे शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. कामाची गुणवत्ता समाधानकारक आढळली, तथापि राज्याच्या दंतवैद्यक मंडळाने असे काम कायद्याबाहेरचे असल्याचा निर्वाळा दिल्याने १९७४ मध्ये तो थांबविण्यात आला. धर्मादाय चिकित्सालयाने काय करावे, हे केवळ त्याच्या क्षमतेवर नव्हे, तर व्यवसायाच्या कायद्यावर व व्यावसायिकांच्या हितसंबंधांवरही अवलंबून असते, हे यावरून दिसते.

या संस्थांचे कार्य उपचारांपुरते राहिले नाही. रॉचेस्टर येथे मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताच्या पृष्ठभागाला अम्लाची प्रक्रिया केल्यास त्यावर रेझीन घट्ट चिकटते, असे दाखवून दिले. दाढांच्या खाचा रेझिनाने बुजवून कीड रोखण्याची पद्धत त्यातूनच विकसित झाली. गरिबांच्या मुलांसाठी काढलेल्या संस्थेतून निघालेले हे तंत्र आज जगभर सर्व थरांतील मुलांसाठी वापरले जाते.

भारतातील स्थिती : भारतात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १९२० मध्ये कलकत्ता येथे रफिउद्दिन अहमद यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयापासून सुरू झाले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले. गरीब मुलांच्या दातांवरील उपचार दीर्घकाळ प्रामुख्याने अशा महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतून होत आले आहेत. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्यांबरोबरच दंतस्वास्थ्यकांच्या नोंदणीचीही तरतूद केली. परंतु न्यूझीलंडप्रमाणे शाळांतून काम करणारा स्वतंत्र सेवकवर्ग येथे निर्माण झाला नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांच्या तपासणीत दातांच्या विकारांचा समावेश करण्यात आला. तपासणीत दोष आढळलेल्या मुलाला उपचार कोठे मिळणार, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो व तेथेच धर्मादाय चिकित्सालयाला वाव असतो.

महाराष्ट्रात काही स्थानिक बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावण्याची सवय घरातील स्त्रियांकडून मुलांकडे जाते. दात घासण्याचे साधन म्हणून सुरू झालेली ही सवय पुढे व्यसन बनते. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण अधिक असून तेथील मुलांच्या दातांवर डाग पडलेले आढळतात. तेथे पाण्याची तपासणी केल्याशिवाय फ्ल्युओराइडाचा वापर वाढविणे योग्य नव्हे. ऊसतोडणीसाठी कुटुंबासह स्थलांतर करणाऱ्या मुलांना हंगामाचे अनेक महिने गावी परतता येत नाही. त्यांच्या बाबतीत चार-पाच भेटी लागणारे उपचार ठरविणे म्हणजे ते अपुरे राहतील अशीच व्यवस्था करणे होय.

संघटन : चिकित्सालय सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा नफा न वाटणारी कंपनी या स्वरूपात स्थापन करता येते. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे होते. विश्वस्त मंडळात दंतवैद्याबरोबरच बालरोगतज्ञ, हिशेबनीस, शिक्षक व ज्या वस्तीसाठी चिकित्सालय काढले तेथील पालक असावेत. केवळ दंतवैद्यांचे मंडळ साधनसामग्रीकडे आणि केवळ दात्यांचे मंडळ समारंभांकडे अधिक लक्ष देते. विश्वस्तांनी धोरण, निधी व हिशेब पहावेत व रुग्णाच्या उपचारांचा निर्णय दंतवैद्यावर सोपवावा, ही विभागणी आरंभीच लेखी ठरविलेली बरी.

स्थापनेपूर्वी पाहणी करणे आवश्यक असते. परिसरात किती मुले आहेत, त्यांच्यात दंतक्षयाचे प्रमाण किती, जवळचे शासकीय रुग्णालय कोणत्या सेवा देते, पालक कोणत्या वेळी मोकळे असतात व येण्यास भाडे किती पडते, हे पाहिल्यावरच जागा व वेळ ठरवावी. रोजंदारीवर जाणाऱ्या आईच्या दृष्टीने सकाळी अकराचा मोफत दवाखाना मोफत नसतो, कारण तिला त्या दिवसाची मजुरी गमवावी लागते. संध्याकाळी व रविवारी चालणारे अथवा शाळेतच भरणारे चिकित्सालय तिला खऱ्या अर्थाने स्वस्त पडते.

अर्थव्यवहार : धर्मादाय दंतचिकित्सालये बहुधा उभारणीच्या खर्चाअभावी बंद पडत नाहीत, तर चालू खर्चाअभावी पडतात. खुर्ची, क्ष-किरण यंत्र व इमारत यांसाठी दाता मिळतो, कारण त्यांवर नावाची पाटी लावता येते. वेतन, वीज, हातमोजे, भुलीची औषधे व यंत्रांची दुरुस्ती यांसाठी तो सहसा मिळत नाही. म्हणून देणगी स्वीकारताना तिच्याबरोबर येणाऱ्या वार्षिक खर्चाची तरतूदही पहावी लागते. किमान सहा महिन्यांचा चालू खर्च राखीव ठेवणे इष्ट मानतात.

उत्पन्नाचे मार्ग अनेक असावेत. कायम निधीचे व्याज, वार्षिक देणग्या, शासकीय योजनांची प्रतिपूर्ती, नगरपालिकेचे अनुदान, रुग्णशुल्क आणि उद्योगसंस्थांचे साहाय्य हे त्यांतील प्रमुख होत. भारतात २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २% रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. ही रक्कम बहुधा ठराविक मुदतीच्या प्रकल्पासाठी मिळते. तिच्यावर कायम वेतनाचा भार टाकणे धोक्याचे असते. परदेशी देणगी घ्यावयाची असल्यास २०१० च्या अधिनियमानुसार परवानगी लागते.

शुल्क घ्यावे की न घ्यावे, याविषयी मतभेद आहेत. पूर्ण मोफत सेवेची किंमत राहत नाही, पालक ठरलेल्या वेळी येत नाहीत, असा एक पक्ष आहे. अल्प शुल्कही सर्वांत गरीब मुलाला दारातच अडविते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. रॉचेस्टरच्या पाच सेंटांसारखे प्रतीकात्मक शुल्क ठेवून ते न देणाऱ्यास परत न पाठविणे, हा मध्यम मार्ग होय. शुल्कमाफीची विचारपूस इतर रुग्णांसमोर करू नये. पिवळी वा केशरी शिधापत्रिका, शाळेचे पत्र किंवा अंगणवाडी-सेविकेची शिफारस एवढा पुरावा पुरेसा समजावा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालावे लागले, तर मुलाचा दात तोवर वाचत नाही.

खर्चाची मोजणी दर भेटीऐवजी ‘उपचार पूर्ण झालेले मूल’ या एककावर करणे अधिक बोधक असते. उदा., एखाद्या चिकित्सालयाने वर्षात १,००० भेटी देऊन २५० मुलांचे उपचार पूर्ण केले आणि दुसऱ्याने तेवढ्याच भेटींत केवळ १०० मुलांचे, तर दर भेटीचा खर्च समान असूनही दुसऱ्याचा खरा खर्च अडीचपट ठरतो. न आलेल्या रुग्णाची रिकामी खुर्ची हा सर्वांत मोठा अदृश्य खर्च आहे. आदल्या दिवशी दूरध्वनी करणे, भावंडांना एकाच दिवशी बोलावणे, एका भेटीत तोंडाच्या एका बाजूचे सर्व काम उरकणे आणि काही जागा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवणे या उपायांनी तो कमी होतो.

कर्मचारी : पूर्ण वेळ काम करणारा निदान एक पगारी दंतवैद्य हा अशा संस्थेचा कणा असतो. केवळ स्वयंसेवकांवर चाललेल्या संस्थेत मुलाला दर खेपेस नवा चेहरा दिसतो आणि अर्धवट उपचारांची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. स्वयंसेवक दंतवैद्यांचा उपयोग ठराविक वार व ठराविक काम (उदा., वेडेवाकडे दात सरळ करणे, अवघड शस्त्रक्रिया) यांसाठी करणे हिताचे असते. स्वयंसेवकाची व्यावसायिक नोंदणी पगारी दंतवैद्याच्या नोंदणीइतकीच काटेकोरपणे तपासावी. दंत महाविद्यालयाशी करार केल्यास प्रशिक्षणार्थी मिळतात. मात्र मुले ही शिकाऊ हातांच्या सरावाचे साधन होऊ नयेत, यासाठी सततची देखरेख अपरिहार्य असते. साहाय्यक, निर्जंतुकीकरण पाहणारा सेवक व वस्तीतीलच एक आरोग्यसेविका यांची जोड हवी. उपचार अपुरे सोडलेल्या मुलाच्या घरी जाऊन कारण विचारणारी आरोग्यसेविका ही बहुधा दुसऱ्या खुर्चीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

जागा व सुरक्षितता : गरिबांसाठी म्हणून निर्जंतुकीकरणात कोणतीही सवलत नसते. हातयंत्रासह प्रत्येक उपकरण प्रत्येक रुग्णानंतर दाबपात्रात (ऑटोक्लेव्हमध्ये) वाफेने निर्जंतुक करावे लागते. उपकरणांचे संच पुरेसे नसतील, तर गर्दीच्या दिवशी हा नियम मोडण्याचा मोह होतो. म्हणून जादा खुर्चीआधी जादा संच घ्यावेत. सुया, रक्ताने माखलेला कापूस व काढलेले दात यांची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लावावी लागते. क्ष-किरण यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. मुलांना भुलीच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरवितात, म्हणून वजनकाटा हे येथील आवश्यक उपकरण होय. पूर्ण बेशुद्ध करून करावयाचे उपचार सर्व सोयींच्या रुग्णालयातच व्हावेत. त्यासाठी जवळच्या रुग्णालयाशी आधीच करार असावा.

बालकाशी वर्तन : प्रथम भेटीत शक्यतो वेदनादायक काम करू नये. उपकरण दाखवून, त्याचे काम मुलाच्या भाषेत सांगून मग ते वापरणे ही पद्धत सर्वमान्य आहे. वेदना होणार असल्यास ‘काही दुखणार नाही’ असे सांगणे चुकीचे आहे, कारण एकदा फसवणूक झालेले मूल पुन्हा विश्वास ठेवीत नाही. हात वर केला की काम थांबेल, असा संकेत ठरवून तो पाळल्यास मुलाला धीर येतो. पालकांची संमती समजेल अशा भाषेत, प्रत्येक नव्या उपचारापूर्वी घ्यावी. अंगठा उमटविणाऱ्या पालकास मजकूर वाचून दाखवावा. मूल रडते म्हणून अनेकांनी धरून उपचार उरकणे धर्मादाय संस्थांत पूर्वी नित्याचे होते. मोफत उपचार घेणाऱ्या पालकाला त्यास हरकत घेणे अवघड जाते, म्हणूनच संस्थेने स्वतः त्यावर बंधन घालणे आवश्यक असते.

उपचारपद्धती : दुधाच्या दाढेतील लहान खड्डा भरणे, मोठी कीड असल्यास पोलादी टोपी बसविणे, पू झालेला दात काढून जागा राखणारी तार बसविणे आणि कायमच्या दाढांच्या खाचा बुजविणे हे नित्याचे उपचार होत. साधनांची कमतरता असलेल्या ठिकाणी हातहत्यारांनी मऊ कीड काढून काच-आयनोमर सिमेंटाने खड्डा भरण्याची पद्धत उपयुक्त ठरली आहे. ती १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली. तिला वीज, छिद्रण यंत्र व बहुधा भूलही लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्ल्युओराइड या द्रावाचा थेंब किडीवर लावल्यास तिची वाढ बहुतेक वेळा थांबते. या द्रावाचा २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला. त्याने किडीचा भाग कायमचा काळा पडतो. ही गोष्ट पालकांना आधी सांगितली नाही, तर उपचार यशस्वी होऊनही संस्थेवरील विश्वास उडतो. पाऱ्याचा वापर कमी करण्याविषयीच्या २०१३ च्या मिनामाता करारामुळे पारदमेलाने (चांदीने) मुलांचे दात भरण्याची पद्धत मागे पडत आहे.

प्रतिबंध : दोन खुर्च्यांचे चिकित्सालय वर्षाकाठी काहीशे मुलांचे उपचार पूर्ण करू शकते, तर त्याच्या परिसरात मुले हजारोंनी असतात. म्हणून खर्चाचा व वेळेचा निश्चित भाग शाळांसाठी राखून ठेवावा लागतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली रोज शाळेत फ्ल्युओराइडयुक्त दंतमंजनाने दात घासणे, वर्षातून दोन वेळा फ्ल्युओराइडाचा लेप, सहा-सात वर्षांच्या मुलांच्या नव्या दाढांच्या खाचा बुजविणे आणि शाळेच्या फाटकाशी मिळणाऱ्या गोड पदार्थांवर नियंत्रण हे त्याचे भाग होत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढे व नंतर वाटाण्याएवढे मंजन पुरते. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपविल्याने वरचे पुढचे दात झपाट्याने किडतात. हे आईला कळण्याची जागा दवाखान्याची खुर्ची नसून लसीकरणाचे केंद्र होय. म्हणून अंगणवाडी-सेविका व परिचारिका यांना या कामात गुंतवावे लागते.

केवळ एक दिवसाच्या तपासणी शिबिरांचा उपयोग मर्यादित असतो. शेकडो मुलांची नोंद होते, मंजनाच्या नळ्या वाटल्या जातात व किडलेल्या दातांची यादी तयार होते, पण त्या यादीपुढे काही घडत नाही. जितक्या मुलांवर उपचार करता येतील तितक्याच मुलांची तपासणी करावी, हा नियम कठोर वाटला तरी प्रामाणिकपणाचा आहे.

मूल्यमापन : किती दात काढले, किती मुले तपासली हे आकडे अहवालात ठळक दिसतात, परंतु काढलेल्या दातांची वाढती संख्या हे यशाचे नव्हे, तर उशिराचे लक्षण आहे. किडलेल्या, गमावलेल्या व भरलेल्या दातांची संख्या मोजणारा निर्देशांक १९३८ मध्ये क्लाइन, पामर व नट्सन यांनी वापरात आणला. तोच ठराविक वयाच्या मुलांत दर काही वर्षांनी मोजल्यास संस्थेच्या कार्याचा परिणाम कळतो. त्याशिवाय उपचार पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण, सहा महिन्यांनी परत आलेल्यांचे प्रमाण, परत आलेल्यांत नवी कीड झालेल्यांचे प्रमाण, भरलेले दात टिकल्याचे प्रमाण आणि वेदनेमुळे बुडालेले शाळेचे दिवस ही मोजमापे उपयुक्त होत. निर्देशांकातील ‘किडलेले’ घटून ‘भरलेले’ वाढले, तर उपचार पोहोचत आहेत असे समजावे. दोन्ही घटले, तरच रोग कमी होत आहे असे म्हणता येते.

मर्यादा : धर्मादाय चिकित्सालय सार्वजनिक आरोग्यसेवेची जागा घेऊ शकत नाही. दात्याच्या इच्छेवर उभी असलेली सेवा मुलाचा हक्क ठरत नाही व ती एखाद्या वस्तीत असते, शेजारच्या वस्तीत नसते. ती आहे म्हणून शासनाने आपली जबाबदारी टाळण्याचाही धोका असतो. मोठ्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्था कालांतराने संशोधन व उच्च शिक्षण यांकडे वळतात आणि मूळ रुग्ण मागे पडू शकतात. बॉस्टन व रॉचेस्टर येथील संस्थांचा पुढील विकास प्रामुख्याने संशोधन व शिक्षण यांच्या दिशेने झाला. रॉचेस्टरची संस्था आता तेथील विद्यापीठाचा भाग आहे, मात्र तिने मुलांवरील उपचारांचे कार्यही चालू ठेवले आहे. नव्या पद्धती प्रथम लहान प्रमाणावर करून पाहणे, त्यांचे हिशेब उघडे ठेवणे आणि उपयुक्त ठरलेल्या गोष्टी सार्वजनिक व्यवस्थेने स्वीकाराव्यात यासाठी पुरावा पुरविणे हे अशा चिकित्सालयाचे उपचारांइतकेच महत्त्वाचे कार्य मानले जाते. दाराशी दुखणाऱ्या दातांसाठी येणाऱ्या मुलांची रांग वर्षानुवर्षे आखूड होत जाणे, ही त्याच्या यशाची अखेरची कसोटी होय.